सर्व्हर रविवारी पडतो, कारण मार्चमधलं असतं

मंडळी, पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. विषय वरवर कंटाळवाणा आहे. पण आपल्याच सोसायट्यांमधली, आपल्याच नात्यातली पोरं रात्र रात्र जागून जे काम करतात त्याबद्दल आहे, आणि सकाळी त्यांच्या डोक्यावर जे खापर फुटतं त्याबद्दलही.

बँकेत, सेतू केंद्रात, गॅस एजन्सीत "सर्व्हर डाऊन आहे" असं ऐकलं की आपण गपचूप घरी येतो. पाऊस आला म्हणून मॅच रद्द झाली, तसं. डाऊन म्हणजे नेमकं काय झालं, हे कोणी विचारत नाही. कधी यंत्र बंद पडलेलं असतं, कधी लाइन गेलेली असते. आणि कधी यंत्र ठणठणीत असतं, लाइन चालू असते, तुमच्या खात्यातले पैसे जागच्या जागी असतात, फक्त दारावर ओळख तपासणारा जो प्रोग्रॅम आहे तोच ड्युटीवर आलेला नसतो. मी आज या तिसऱ्या प्रकाराबद्दल लिहितोय, कारण गेली २२ वर्षं माझं पोट त्याच्यावर चालतं.

ज्यांचा या क्षेत्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मेनफ्रेम म्हणजे १९६४ साली आयबीएमनं जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० च्या घराण्यातली यंत्रं. संग्रहालयात गेली असतील असं वाटतं, पण अमेरिका-युरोपातल्या मोठ्या बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खाती आजही त्यांच्यावर चालतात. आपल्याकडच्या बऱ्याच बँका इन्फोसिस, टीसीएस, ओरॅकल यांच्या पॅकेजेसवर आहेत, तो वेगळा संसार. मात्र परदेशातली ती मेनफ्रेम सांभाळणारे हात मोठ्या संख्येनं हिंजवडी, खराडी, ऐरोली, पवई इथे आहेत. तिकडे दिवस असतो तेव्हा इकडे नाइट शिफ्ट. तिकडचा रविवार पहाटेचा मेंटेनन्स म्हणजे इकडचा रविवार दुपारचा मटणाचा बेत बोंबलला.

या यंत्रांवर कोणाला काय करायची परवानगी आहे, याचा हिशेब ठेवणारी सॉफ्टवेअर वेगळी असतात. आयबीएमचं रॅकफ १९७६ पासून आहे. एसीएफटू आणि टॉप सीक्रेट ही दुसरी दोन. ती आधी सीए कंपनीची होती, २०१८ मध्ये ब्रॉडकॉमनं सीए विकत घेतली तेव्हा तिकडे गेली. आता बाहेरच्या जगाला, म्हणजे वेबसाइटला, ॲपला, ऑफिसातल्या लॉगिनला, या वहीत डोकावून "हा माणूस कोण, पासवर्ड बरोबर आहे का, कुठल्या गटात आहे" हे विचारायचं असेल तर मध्ये एक दुभाषा लागतो. तो म्हणजे मेनफ्रेमवरचा डिरेक्टरी सर्व्हर, एलडॅप म्हणतात ती भाषा बोलणारा. हा दुभाषा उठला नाही की आतलं सगळं शाबूत, पण त्याच्यामार्फत येणारा प्रत्येक माणूस दाराबाहेर.

हा सर्व्हर चालता चालता फारसा मरत नाही. तो मरतो सुरू होताना. आणि त्यावरून जो तमाशा होतो, त्यात पहिला प्रश्न हमखास चुकीचा असतो.

प्रश्न असतो : "काल काय बदललं?"

ब्रिज कॉलवर ३० माणसं, त्यातली २५ म्यूटवर. क्लायंटचा मॅनेजर विचारतो, काल काय बदललं? सगळे सांगतात, काहीच नाही. आणि ते खरंच सांगत असतात. काल कोणी काही बदललेलं नसतं. बदललेलं असतं मार्चमध्ये.

मेख इथे आहे. सर्व्हर सुरू होतो तेव्हा तो कॉन्फिग वाचतो, सर्टिफिकेट वाचतो, लायब्ररी उघडतो, पोर्ट धरतो, आणि मग महिनोन् महिने त्या एका वाचनावर जगतो. त्याच्या पायाखालची सतरंजी कोणी ओढली तरी त्याला कळत नाही, कारण तो उठून उभाच राहिलेला नसतो. उभं राहायची वेळ येते रीस्टार्टला. सगळ्या मेनफ्रेमचा रीस्टार्ट, त्याला आमच्यात आयपीएल म्हणतात, तो तर वर्षातून मोजक्या वेळा. मग सहा महिन्यांत साचलेलं सगळं एका पहाटे अंगावर येतं.

उदाहरणं देतो, म्हणजे हवेत बोलतोय असं वाटायला नको.

काही लायब्ररींना विशेष अधिकार द्यावे लागतात. त्यांची यादी असते, एपीएफ यादी. तिच्यात नाव घालायला सेटप्रॉग नावाची कमांड आहे. मारली की त्या क्षणी नाव चढतं, काम चालू होतं, सगळे खूश. पण ती नोंद पुढच्या आयपीएलपर्यंतच टिकते. कायमची नोंद पार्मलिबमध्ये वेगळी करावी लागते. कमांड मारणारा माणूस घाईत असतो, नंतर तो दुसऱ्या प्रोजेक्टला जातो, आणि नोंद राहते ती राहतेच. फाइल सिस्टिमचंही तेच. हातानं माउंट केली, चालली. पार्मलिबमध्ये ओळ टाकली नाही, तर आयपीएलनंतर ती डिरेक्टरी रिकामी, आणि सर्व्हर आपली कॉन्फिग शोधत फिरतोय.

रॅकफमधला एक प्रकार याहून बेरकी आहे. बऱ्याच नियमांची प्रत तो मेमरीत ठेवतो. तुम्ही मूळ वहीत नियम बदललात, पण रिफ्रेशची कमांड दिली नाहीत, तर मेमरीतली जुनी प्रत चालू राहते. समजा मार्चमध्ये कोणीतरी साफसफाईच्या नावाखाली सर्व्हरच्या आयडीची एक परवानगी काढली आणि रिफ्रेश विसरला. पुढे सहा महिने काहीही होत नाही. सप्टेंबरमध्ये आयपीएल झाला, प्रत नव्यानं वाचली गेली, आणि सर्व्हर मेला. आता सांगा, दोष कोणाचा? टिकीट मात्र सप्टेंबरच्या शिफ्टवर फाटतं.

मोठ्या प्रमाणावरही हे झालंय. झेड/ओएसमध्ये पूर्वी अशी सोय होती की ज्या आयडीला युनिक्स बाजूचा नंबर दिलेला नाही, त्याला एक सामाईक नंबर चिकटवला जायचा. चाळीच्या सामाईक नळासारखं. २०१३ साली आलेल्या २.१ आवृत्तीत आयबीएमनं ती सोय काढून टाकली. आधी सांगून काढली, आणि बरोबरच केलं, कारण सामाईक ओळख म्हणजे कोणीच जबाबदार नाही. पण ज्यांनी ते सांगणं वाचलं नव्हतं त्यांचे वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेले प्रोग्रॅम नव्या आवृत्तीवर पहिल्याच सकाळी अडले.

म्हणून योग्य प्रश्न असा : हा सर्व्हर शेवटचा नीट कधी सुरू झाला होता, आणि तेव्हापासून आजपर्यंत काय काय बदललं? उत्तर शोधायला चेंजच्या नोंदी लागतात, आणि त्या बहुतेक ठिकाणी माणसाच्या नावानं किंवा टीमच्या नावानं लावलेल्या असतात, सर्व्हरच्या नावानं नाही. सर्व्हरच्या नावानं उलटं शोधता यायला हवं. एवढी एक गोष्ट केली तरी निम्म्या रात्री वाचतील, असं माझं मत.

दुसरी गोष्ट, लॉग वाचणं. सुरू होण्यात फसलेला सर्व्हर शेवटी एक मोठा भयंकर संदेश टाकून मरतो आणि सगळे तोच शेवटचा संदेश कॉपी करून गटात टाकतात. शेवटचा संदेश हा रडण्याचा आवाज असतो. ठेच वर कुठेतरी लागलेली असते. खालून नव्हे, वरून वाचा, आणि पहिल्या तक्रारीपाशी थांबा.

रॅकफनं नकार दिला असेल तर तो आयसीएच४०८आय या नंबरचा संदेश टाकतो. इतका सरळ संदेश मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. कोणत्या आयडीनं मागितलं, कशासाठी मागितलं, कोणत्या नियमाखाली अडलं, काय हवं होतं, काय मिळालं. हवं होतं वाचण्याचं, मिळालं काहीच नाही. चार-पाच ओळींत सगळं. आमच्याकडच्या कुठल्याही सरकारी नकारपत्रात एवढी माहिती मिळाली असती तर माहिती अधिकाराचे निम्मे अर्ज कमी झाले असते.

मग अडतं कुठे? हा संदेश सर्व्हरच्या स्वतःच्या लॉगमध्ये येतोच असं नाही. तो सिस्टिमच्या लॉगमध्ये आणि सिक्युरिटीवाल्यांच्या कन्सोलवर जातो. सर्व्हरच्या लॉगमध्ये एवढंच दिसतं की परवानगी नाही, किंवा नुसता एक आकडा. रात्री ड्युटीवर असलेल्या पोराला सिस्टिम लॉग बघायचीच परवानगी नसते. का? "सिक्युरिटी." वॉचमनला सांगायचं चोर पकड, आणि कॅमेऱ्याची स्क्रीन सेक्रेटरीच्या बेडरूममध्ये ठेवायची, असला प्रकार आहे हा.

मागे एका परदेशी विमा कंपनीच्या कामात हेच पाहिलं. साताऱ्याकडची एक मुलगी शिफ्टवर होती, दीड वर्षाचा अनुभव. मला फोन आला, "सर, प्रॉडक्शन उठत नाहीये. लॉगमध्ये नुसतं एन्व्हायर्नमेंट कंट्रोल्ड नाही असं येतंय." मी म्हटलं, त्याच्या वरची ओळ? ती म्हणाली, वरची ओळ सिस्टिम लॉगमध्ये असेल, मला दिसत नाही, सिक्युरिटीच्या माणसाला फोन लावलाय, त्यांच्याकडे सुट्टी आहे. पावणेदोन तास त्या एका ओळीसाठी गेले.

ओळ काय होती तेही सांगतो, कारण हे दुखणं फार ठिकाणी आहे. ओळख तपासणारा सर्व्हर दुसऱ्याच्या नावानं काम करू शकतो, म्हणून त्याच्या प्रोसेसमध्ये शिरणारी प्रत्येक फाइल विश्वासातली असावी लागते. युनिक्स बाजूच्या फाइलवर त्यासाठी एक खूण असते. फाइल साधी कॉपी केली, किंवा तिच्यावर नवी लिहिली, की ती खूण पुसली जाते. मुद्दामच तसं ठेवलंय, नाहीतर कोणीही विश्वासातल्या फाइलच्या जागी स्वतःची ठेवेल. अपग्रेडच्या वेळी कोणीतरी सगळी डिरेक्टरी सरळ कॉपी केली होती. नाव तेच, साइज तोच, तारीख नवी, खूण गायब. एका खुणेवाचून अख्खा सर्व्हर बसला. सिस्टिम लॉगमधल्या संदेशात त्या फाइलचं नावसुद्धा लिहिलेलं होतं हो! खूण लावायला एक कमांड, तीही ज्याला तो अधिकार दिलाय त्यानंच मारायची. तो अधिकारवाला सुट्टीवर.

बाकीची नेहमीची यशस्वी कारणं घाईघाईनं सांगून टाकतो. पोर्ट ३८९ किंवा ६३६ दुसऱ्या कोणी धरलेलं असणं; यात "पत्ता वापरात आहे" असं आलं तर दुसरा कोणी बसलाय, आणि "परवानगी नाही" असं आलं तर ते पोर्ट दुसऱ्या नावासाठी राखून ठेवलंय, दोन्हींवर औषध वेगळं. ऑटोमेशननं टीसीपी किंवा डीबीटू उठायच्या आधीच याला उठवणं. सर्टिफिकेटची मुदत संपणं, किंवा नवं सर्टिफिकेट आणलं पण की-रिंगला जोडलं नाही, किंवा जोडलं पण की-रिंगचं नाव कॅपिटल-स्मॉलमध्ये चुकलं. रॅकफ तिथे अक्षराचा लहान-मोठेपणा पाळतो. कॉन्फिग फाइल लॅपटॉपवर एडिट करून बायनरीत चढवणं. मेनफ्रेमची अक्षरमाला वेगळी, एबसिडिक, त्यामुळे त्याच्या दृष्टीनं ती चिनी होते. आणि माझी लाडकी भानगड, ७३ ते ८० या कॉलममध्ये एडिटरनं गुपचूप टाकलेले ओळीचे नंबर. पंचकार्डाच्या काळची सवय. स्क्रीनच्या उजव्या काठापलीकडे असल्यानं दिसत नाहीत, आणि सर्व्हर मात्र इमानदारीत वाचतो आणि अडखळतो.

यातलं एकही कारण अवघड नाही. हे रॉकेट सायन्स नाही, हे वीजबिल भरण्याइतकं नित्याचं काम आहे. तरीही त्यात तास जातात, आणि तास गेले की मग जे होतं, त्यासाठी खरं तर मी ही पोस्ट लिहायला घेतली.

दीड-दोन तास झाले की ब्रिजवरचा सगळ्यात मोठ्या पगाराचा माणूस म्हणतो, "जस्ट गेट इट अप." कसंही करून उठवा, कारण नंतर बघू.

कसंही करून उठवायचा रस्ता आहे. रॅकफमध्ये अशा प्रोग्रॅमला "ट्रस्टेड" असा शिक्का मारता येतो. शिक्का मारला की त्याच्या बहुतेक मागण्यांना रॅकफ नाही म्हणतच नाही. युनिक्स बाजूला नंबर शून्य दिला की तिकडचाही तो राजा. किंवा अडवणाऱ्या नियमाला "वॉर्निंग" मोडमध्ये टाकायचं, म्हणजे तो ओरडेल पण अडवणार नाही. परवानगीचं कारण असेल तर यातलं काहीतरी लागू पडतंच. सर्व्हर उठतो, ब्रिजवर सगळे एकमेकांना शाबासकी देतात, टिकीटवर "रिझॉल्व्ड" पडतं.

आणि तो शिक्का तिथेच राहतो.

आयबीएम स्वतः काही मोजक्या सिस्टिम प्रोग्रॅमना ट्रस्टेड ठेवायला सांगतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण डिरेक्टरी सर्व्हर हा नेटवर्कवर कान लावून बसलेला प्रोग्रॅम आहे. बाहेरून कोणीही त्याचं दार वाजवू शकतं. अशाला सर्वाधिकार देणं म्हणजे गेटची किल्ली हरवली म्हणून गेटच बिजागरीतून काढून ठेवणं. गाड्या आत येतात हो, प्रश्न सुटला! सोमवारी कोणी गेट परत बसवत नाही, कारण सोमवारी कोणाची गाडी अडलेली नसते.

"मेनफ्रेममध्ये कोण शिरतंय?" हा त्यावरचा ठरलेला युक्तिवाद. शिरलेत. स्वीडनमधल्या लॉजिका कंपनीच्या मेनफ्रेममध्ये २०१२ मध्ये घुसखोरी उघड झाली आणि रॅकफची वहीच बाहेर गेली. डेन्मार्कमध्ये सीएससी कंपनी सरकारसाठी जी मेनफ्रेम चालवत होती तिच्यातून पोलिसांकडच्या वाहनपरवान्यांची माहिती गेली. दोन्ही प्रकरणांत पायरेट बे वाला गॉटफ्रिड स्वार्थोल्म वार्ग दोषी ठरला, स्वीडनमध्ये २०१३ साली आणि डेन्मार्कमध्ये २०१४ साली. तिथे शिरायची वाट वेगळी होती. पण एकदा माणूस आत आला की त्याला काय काय करता येतं, हे आधी कोणी कुठे कोणते शिक्के मारून ठेवलेत यावरच ठरतं.

आता खापराकडे येतो. २०१२ च्या जूनमध्ये ब्रिटनच्या आरबीएस समूहात रात्रीची कामं लावणारं सॉफ्टवेअर अपग्रेडनंतर बिघडलं. तो डिरेक्टरीचा प्रश्न नव्हता, पण नाटक तेच. लाखो लोकांचे पगार, बिलं, सगळं अडकलं. पहिल्या काही दिवसांतच तिकडच्या वर्तमानपत्रांत भारतातल्या नवशिक्या कर्मचाऱ्याकडे बोट दाखवलं गेलं. बँकेच्या प्रमुखांनी त्याला पुरावा नाही म्हणून सांगितलं. पुढे २०१४ मध्ये नियामकांनी एकूण ५ कोटी ६० लाख पौंडांचा दंड ठोकला, तेव्हा त्यांचा रोख बदल तपासण्याच्या आणि धोका ओळखण्याच्या बँकेच्याच ढिल्या पद्धतींवर होता. म्हणजे बोट दाखवायला चार दिवस, आणि खरं कारण अधिकृतपणे कागदावर यायला दोन वर्षं. त्या मधल्या दोन वर्षांत किती मुलामुलींनी घरी "तू नाही ना रे केलंस?" हे ऐकलं असेल?

माझ्या मते रात्री चुकीचा शिक्का मारणाऱ्या पोराला शिक्षा करण्यात काडीचा अर्थ नाही. त्याला कारण दाखवणारा लॉग दिला नाही. दुरुस्ती करणारा अधिकार दिला नाही. सर्व्हर उठवायची घाई तेवढी दिली. मग तो, किंवा त्याच्यावरचा कोणीतरी, हाताशी असलेलं एकमेव हत्यार वापरणार. हे ज्यांनी कंत्राटात लिहून ठेवलंय, त्यांना विचारा.

विचारायला आता कागदही आहे. आयटीची कामं बाहेर देण्याबद्दल रिझर्व्ह बँकेचे २०२३ चे निर्देश आहेत, त्यात काम बाहेर दिलं म्हणून बँकेची जबाबदारी कमी होत नाही, हे स्पष्ट आहे. युरोपात डोरा नावाचा कायदा १७ जानेवारी २०२५ पासून लागू आहे, तो तिकडच्या बँका आणि विमा कंपन्यांना त्यांच्या आयटी पुरवठादारांकडून असणाऱ्या जोखमीचाही हिशेब ठेवायला लावतो. म्हणजे हिंजवडीतली आपली मंडळी त्या हिशेबात आहेतच. मग कंत्राटावर सही करताना आपल्या कंपन्यांचे साहेब एवढं का मागत नाहीत, की रात्रीच्या माणसाला त्या सर्व्हरपुरते सिस्टिम आणि सिक्युरिटीचे संदेश वाचता आले पाहिजेत? नुसते वाचता. बदलायला नको. आक्षेप येईल की वाचण्यातही धोका आहे. आहे, थोडा. त्या वाचण्याचीही नोंद ठेवा. पावणेदोन तास आंधळेपणानं चाचपडून शेवटी सर्वाधिकार देण्याहून तो धोका कितीतरी लहान आहे.

तात्पुरता अधिकार द्यायची वेळ येतेच, हे मी नाकारत नाही. पगाराचा दिवस आहे, लोक अडकलेत, अशा वेळी आधी उठवा हे बरोबर असू शकतं. पण मग तारीख घालून द्या. रॅकफमध्ये एखाद्या आयडीला गटात जोडताना, कोणत्या तारखेला ते जोडणं आपोआप बंद व्हावं, हे लिहायची सोय आहे. किती जण वापरतात? माझ्या पाहण्यात बोटावर मोजण्याइतके. आपल्याकडे तात्पुरतं पत्र्याचं शेड आणि तात्पुरती परवानगी, दोन्ही पुढच्या पिढीच्या नावावर होतात.

आणखी एक जागा आहे जिथे मला खरी भीती वाटते. हल्ली मेनफ्रेमवर लॉगिन करायलाही पासवर्डच्या जोडीला दुसरी खूण लागते, आणि ती तपासणारा एक वेगळा प्रोग्रॅम असतो. तो स्वतः कधी कधी डिरेक्टरीलाच विचारतो. आता डिरेक्टरी उठली नाही, म्हणून तपासणारा अडला, म्हणून डिरेक्टरी दुरुस्त करणाऱ्यालाच लॉगिन करता येईना. किल्ली आत, कुलूप बाहेर. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या अपडेटनं ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बसवले तेव्हा कित्येक ठिकाणी हाच फास बसला. डिस्क उघडायच्या किल्ल्या ज्या सर्व्हरवर ठेवल्या होत्या, तोच बसलेला. मेनफ्रेमवर यासाठी मोजक्या आयडींना अशी सवलत ठेवता येते की तो प्रोग्रॅम बंद असेल तेव्हा पासवर्डवर आत यावं. अशा एक-दोन आयडी, त्यांचे पासवर्ड सीलबंद, वापरले की वरपर्यंत बोंब, असा शिरस्ता हवा. आणि तो कागदावर नको, वर्षातून दोनदा खरोखर सील फोडून बघायला हवा.

तसंच रीस्टार्टचं. "आमचा सर्व्हर वर्षभर बंद पडला नाही" हे सांगताना लोकांची छाती फुगते. मला त्या वाक्यानं धडकी भरते, कारण त्याचा अर्थ वर्षभराचे बदल अजून तपासायचे बाकी आहेत. मोठ्या ठिकाणी याच सर्व्हरच्या दोन-दोन प्रती वेगवेगळ्या सिस्टिमवर चालवता येतात. एक चालू ठेवा, दुसरी महिन्यातून एकदा भरदिवसा, सिक्युरिटीवाले जागेवर असताना, बंद करून सुरू करा. नाही उठली तर छानच, मंगळवारी दुपारी कळलं, बदल करणारा अजून प्रोजेक्ट सोडून गेलेला नाही, कँटीनमध्ये सापडेल. पूर्ण आयपीएलनंतर दिसणारं दुखणं यात सगळं दिसणार नाही, एपीएफची ती विसरलेली नोंद तर नाहीच, त्यासाठी चालू सिस्टिम आणि पार्मलिब यांची वेगळी पडताळणी करावी लागेल. पण सर्टिफिकेट, की-रिंग, कॉन्फिग, पुसली गेलेली खूण, एवढं तरी दिसेल.

यावर "क्लायंट परवानगी देत नाही" हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की पाठ झालंय. क्लायंटकडे लेखी मागितली होती का, एवढंच माझं म्हणणं. नाही म्हणाला तर तेही लेखी घ्या. पुढच्या रविवारी खापर फुटेल तेव्हा कामाला येईल.

आपल्या ग्रुपवर या कामातले बरेच जण आहेत, मला माहितीय. कंपनीचं, क्लायंटचं नाव न लिहिता कमेंटमध्ये दोनच गोष्टी सांगा : तुमचा डिरेक्टरी सर्व्हर शेवटचा मुद्दाम, ठरवून कधी बंद करून सुरू केला होता, आणि ट्रस्टेड शिक्का असलेल्या प्रोग्रॅमची यादी शेवटची कोणी वाचली. मी ओळखीच्या एका टीमला विचारलं तर पहिल्याचं उत्तर आलं, मागच्या वर्षीच्या गणपतीत. दुसऱ्याचं उत्तर अजून आलेलं नाही, विचारून सांगतो म्हणालेत.